फरिना ओस का पडलं: गॉयडर रेषा आणि दोन वर्षांचं शेवटचं स्टेशन

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं फरिना हे गाव 1980 च्या दशकात रेल्वे बंद झाल्यामुळे ओस पडलं, असं सांगितलं जातं. तो शेवटचा घाव होता. गावाचं मूळ गणितच पावसाच्या चुकीच्या अंदाजावर बेतलेलं होतं.

1865 मध्ये सर्व्हेअर जनरल (जमीन मोजणी खात्याचे प्रमुख) जॉर्ज गॉयडर यांनी घोड्यावरून फिरून दुष्काळी पट्ट्याची सीमा आखली; हीच गॉयडर रेषा. त्यांनी खूण धरली ती झुडपांची: मॅली (खुरटी निलगिरी) संपून सॉल्टबुश (कोरड्या, खारट जमिनीतलं झुडूप) सुरू होतं, तिथून पुढे गव्हाचा भरवसा नाही. रेषेवर वर्षाला साधारण 250 ते 300 मिलिमीटर पाऊस पडतो. पण 1870 च्या दशकात काही वर्षं चांगली गेली आणि 'नांगरामागून पाऊस येतो' या समजुतीपायी सरकारने 1874 मध्ये रेषेपलीकडची जमीनही शेतीला खुली केली. फरिना तर रेषेच्या कितीतरी उत्तरेला. 1878 मध्ये प्लॉट पडले, आणि गहू काही उभा राहिला नाही.

गाव जगलं ते वाहतुकीवर. 1882 मध्ये 1067 मिलिमीटर गेजची रेल्वे आली. उत्तरेकडची गुरं इथे डब्यांत चढत आणि सामान उंटांवर लादलं जाई. हे उंटवाले सरसकट 'अफगाण' म्हणवले जात, पण त्यांतले बरेच तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले होते. 1884 मध्ये रूळ पन्नासेक किलोमीटर उत्तरेच्या मरी या गावापर्यंत गेले आणि शेवटचं स्टेशन असण्याचा फायदा तिकडे सरकला. माझ्या मते फरिनाची उतरण तिथूनच मोजायला हवी.