मर्सिडीज डब्ल्यू १२३ घेताना आधी पत्रा पाहावा
जर्मनीत जुनी मर्सिडीज २४० डी घ्यायची तर कमी किलोमीटर धावलेलीच निवडावी, असे एक मत मांडले जाते. मला ते पटत नाही. ही गाडी १९७६ ते १९८६ या काळातल्या डब्ल्यू १२३ मालिकेतली. या मालिकेची डिझेल इंजिने, वेळच्या वेळी तेल बदलले आणि व्हॉल्व्हची फट तपासून घेतली, तर लाखो किलोमीटर चालतात; गाडी संपते ती गंजाने. म्हणून जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या मडगार्डची आतली बाजू, बॅटरीखालचा पत्रा आणि मागच्या चाकांच्या कमानी चुंबक फिरवून पाहाव्यात. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते.

श्टुटगार्टजवळ मी पाहिलेली एक गाडी आरशासारखी चकचकीत होती, पण किल्ली बंद केल्यावरही इंजिन धडधडतच राहिले. या इंजिनाचा डिझेलपुरवठा व्हॅक्यूमने, म्हणजे नळ्यांतली हवा खेचून, तोडला जातो आणि सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर चालते, त्यामुळे कुठेतरी गळती आहे हे लगेच कळले. दुरुस्ती फार महाग नसते, पण मालकाने गाडी किती जपली ते अशा ठिकाणी दिसते.

किमतीसाठी जर्मनीत १ ते ५ अशी स्थितीची श्रेणी वापरतात, त्यात १ सर्वोत्तम. तज्ज्ञाचे लेखी मूल्यांकन हाती आल्याशिवाय विक्रेत्याने सांगितलेली श्रेणी धरून चालू नये. तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'एच' क्रमांक, म्हणजे ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट, मिळाला, तर वार्षिक कर सरसकट १९१.७३ युरो पडतो. एरवी अशा डिझेलला त्याच्या कितीतरी पट भरावा लागतो.