‘ऑम्निपोटंट’ आणि ‘ऑल्मायटी’ : ग्रामदैवताच्या इंग्रजी फलकावर कुठला शब्द चालेल?

खाडीकाठ (प्रश्न)

वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या गावच्या रवळनाथ मंदिराबाहेर मराठीबरोबर इंग्रजी माहितीफलक लावायचा आहे. मूळ मजकूर : ‘सर्वशक्तीमान, जागृत आणि नवसाला पावणारा देव’. भाषांतरासाठी कुणी ‘ऑम्निपोटंट’ सुचवतंय, कुणी ‘ऑल्मायटी’. शब्दकोशात दोन्हींपुढे एकच अर्थ दिलाय. फरक काय, उच्चार कसा आणि ग्रामदैवताला हे शब्द लागू पडतात का? शेजारीच सातेरी देवीचं देऊळ आहे, तिच्यासाठीही दोन ओळी हव्यात.

चिरेबंदी

उच्चारापासून सुरुवात करतो. आपल्याकडे ‘पो’वर रेलून ‘ऑम्नि-पोटंट’ म्हणतात. इंग्रजीत जोर ‘नि’वर असतो आणि ‘पो’ जवळजवळ गिळला जातो : ऑम्‌-निप्‌-अ-टंट. नाम ‘ऑम्निपोटन्स’. स्पेलिंगच्या शेवटी ई-एन-सी-ई येतं, ए-एन-सी-ई नाही. या नामाचं अनेकवचन करत नाहीत. विशेषणाला ‘मोअर’ किंवा ‘व्हेरी’ लावू नका. शक्तीला मर्यादाच नाही म्हटल्यावर त्यात कमीजास्त कुठून येणार?

लॅटिन ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व आणि ‘पोटेन्स’ म्हणजे समर्थ. ‘ऑल्मायटी’ हा त्याच अर्थाचा, पण अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द. प्रार्थनेत आणि रोजच्या बोलण्यात ‘ऑल्मायटी’ येतो, तत्त्वचर्चेत ‘ऑम्निपोटंट’. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘ऑल्मायटी’ अनेकदा भेटतो, तर ‘ऑम्निपोटंट’ फक्त एकदा, ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात. संगीतकार हँडेलच्या ‘हालेलुया’ कोरसमध्ये ऐकू येते ती हीच ओळ. ‘ऑल्मायटी’त एक धोका आहे. पहिलं अक्षर मोठं असेल तर देव, लहान असेल तर ‘प्रचंड’ : ‘अॅन ऑल्मायटी रो’ म्हणजे जोरदार भांडण. सगळा फलक मोठ्या अक्षरांत रंगवला की हा फरक पुसला जातो.

खरा पेच अर्थाचा आहे, आणि तो दोन्ही शब्दांत आहे. हिब्रू बायबलमधल्या देवाच्या ‘शद्दाय’ या नावासाठी ग्रीक भाषांतरात बऱ्याच ठिकाणी ‘पँटोक्रेटर’ वापरला, म्हणजे सर्वांवर सत्ता चालवणारा. लॅटिनमध्ये त्याचा ‘ऑम्निपोटेन्स’ झाला, म्हणजे सर्व काही करू शकणारा. सगळ्यांवर राज्य असणं आणि काहीही करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा अर्थ धरला की जुना प्रश्न उभा राहतो : स्वतःलाच उचलता येणार नाही एवढा जांभा देव घडवू शकेल का? हो म्हणा की नाही, शक्ती कमीच पडते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने या प्रश्नाचा पायाच काढून घेतला : जे स्वतःशीच विसंगत आहे (चौकोनी वर्तुळ, घडलेली गोष्ट न घडलेली करणं) ते ‘करण्याजोगं’ या सदरातच बसत नाही, म्हणून ते न करण्याने सामर्थ्य उणं होत नाही. मला हे उत्तर पटतं.

आपल्याकडे ईश्वराला ‘कर्तुम्, अकर्तुम्, अन्यथाकर्तुम् समर्थ’ म्हटलंय. करायला, न करायला आणि वेगळंच करायला समर्थ. ‘ऑम्निपोटन्स’ला इतका जवळचा दुसरा शब्दप्रयोग मला माहीत नाही. ब्रह्मसूत्रांत तर (४.४.१७) मुक्त जीवाला सगळं ऐश्वर्य देऊनही जगाच्या निर्मितीचा कारभार वगळलाय. अमर्याद सामर्थ्य एकाच ठिकाणी राखून ठेवायचा कटाक्ष तिथेही दिसतो.

सड्यावरून

वरचं सगळं मान्य. म्हणूनच फलकावर दोन्ही शब्द नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रामदेवतेची सगळी कल्पनाच हद्दीवर उभी आहे. गाव, वेस, शीव यांची राखण करणारा देव तो. गाऱ्हाणं घालणारा ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून हाक मारतो आणि पुढे एकट्या रवळनाथावर थांबत नाही. गावातल्या बाकीच्या देवांनाही बोलावतो, मग ‘चुकला-माकला सांभाळून घे रे म्हाराजा’, आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. इथे कामं वाटलेली आहेत, प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. चपला झिजवून राखण करणाऱ्या देवाला ‘ऑम्निपोटंट’ म्हटलं तर त्याचं वैशिष्ट्यच हरवतं. त्यात कमीपणा मुळीच नाही. केनोपनिषदात अग्नीला एक गवताची काडी जाळता येत नाही आणि वायूला ती हलवता येत नाही. दोघेही देवच.

म्हणून ‘सर्वशक्तिमान’ऐवजी ‘राखणदार’ धरून ‘गार्डियन डेइटी ऑफ द व्हिलेज’ लिहा. ‘जागृत’साठी ‘अवेकन्ड’ नको, वाचणाऱ्याला बुद्ध आठवेल. ‘भक्तांच्या हाकेला धावतो अशी श्रद्धा’ हे उलगडूनच सांगा. ‘नवसाला पावणारा’ची सर्वांत जास्त वाट लागते. ‘ग्रँट्स विशेस’ लिहिलं की दिव्यातला जिन झाला. नवसात बोलणं आणि फेडणं दोन्ही असतं, तेव्हा ‘व्हाउ’ शब्द घ्या आणि मागणं पुरं झाल्यावर भक्त नवस फेडतात हे अर्ध्या वाक्यात सांगा. विधानाआधी ‘इज बिलीव्ड टू’ हवंच.

खाडीकाठ

पटलं, ‘गार्डियन डेइटी’ घेतो. सातेरीचं काय? आणि वर्तमानपत्रात पुढाऱ्यांना, संसदेला ‘ऑम्निपोटंट’ म्हणतात, ते बरोबर का?

चिरेबंदी

सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, म्हणजे भूमीची देवता. फलकावर हेच लिहा, ते पाहुण्याला समोर दिसतं. देवीला सर्व शक्ती असणं मात्र आपल्या परंपरेत बसतं : दुर्गासप्तशतीत ‘सर्वशक्तिसमन्विते’ हे संबोधन आहे. तिथे रोख सगळ्या शक्ती तिच्या ठायी एकवटल्या आहेत यावर आहे, त्यामुळे ‘ऑल-पॉवरफुल’ जास्त जवळ जाईल.

संसदेबद्दल : इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने १७६५ साली ब्रिटिश संसदेसाठी ‘ऑम्निपोटन्स’ शब्द नोंदवला, आणि हा अलंकार जरा जास्तच धीट आहे असं तिथेच म्हटलं. भारताच्या संसदेला तो अलंकार म्हणूनही बसत नाही. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने ठरलं की घटनादुरुस्ती करतानाही संसदेला मूलभूत चौकट मोडता येत नाही. पुढाऱ्यासाठी मराठीत ‘सर्वेसर्वा’ आहे, तोच वापरावा. राज्याच्या संदर्भातलं ‘सार्वभौम’ हे ‘सॉव्हरिन’साठी आहे, ते इथे मिसळू नका.

सड्यावरून

मराठी मजकूरही तपासून घ्या. तुम्ही प्रश्नात ‘सर्वशक्तीमान’ लिहिलंय. ‘मान’ प्रत्ययाआधी ‘क्ति’ ऱ्हस्व राहते : सर्वशक्तिमान. नाम हवं असेल तर ‘बुद्धिमान–बुद्धिमत्ता’सारखं ‘सर्वशक्तिमत्ता’. रंगाऱ्याला हाताने लिहिलेला कागद देऊ नका. टाईप केलेली प्रत द्या आणि खडूची आखणी झाली की रंग भरण्याआधी दोघांनी वाचा. पक्का रंग वाळल्यावर वेलांटी खरवडली तर पाठचा थरही निघतो.