मदत हवी आहे: अॅल्युमिनियमचा तापवलेला पत्रा ओढताना चाचणीतला घर्षण गुणांक प्रेसवर का टिकत नाही?

नमस्कार. सुमारे ३ टक्के मॅग्नेशियम असलेल्या ५७५४ या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या १.५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यापासून आम्ही गोल कप ओढण्याचे प्रयोग करत आहोत. ब्लँकचा, म्हणजे कापलेल्या सपाट चकतीचा, व्यास २३० मिलिमीटर आणि तिला आत ढकलणाऱ्या पंचाचा १०० मिलिमीटर, म्हणजे ओढण्याचे गुणोत्तर (या दोन व्यासांचा भागाकार) २.३ आहे. सामान्य तापमानाला हा पत्रा २.१ च्या आसपासच फाटतो, म्हणून डाय (पत्रा ज्यात ओढला जातो तो साचा) आणि ब्लँक होल्डर (ब्लँकची कडा दाबून धरणारा भाग) २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आहेत आणि पंचाच्या आतून पाणी खेळवून तो थंड ठेवला आहे. बाहेरची कडा मऊ होऊन सहज आत सरकावी आणि तिला ओढून नेणारी भिंत थंड राहून तिची ताकद टिकावी, हा त्यामागचा हेतू आहे.

पहिले आठ-दहा कप निर्दोष निघतात. त्यानंतर पंचाला लागणारे बल प्रत्येक स्ट्रोकला थोडे थोडे वाढत जाते आणि विसाव्या-पंचविसाव्या कपापर्यंत पंचाच्या रेडियसच्या (गोलाई दिलेल्या कडेच्या) किंचित वर पत्रा फाटू लागतो. तापमान, पंचाचा वेग, ब्लँक होल्डरचे बल यांपैकी काहीही या काळात बदललेले नसते.

प्रेसवर जाण्यापूर्वी आम्ही पट्टी ओढण्याची चाचणी केली होती. दोन सपाट, तापवलेल्या जबड्यांमध्ये पट्टी दाबून ती ओढायची आणि ओढण्याच्या बलाला दाबाच्या बलाच्या दुपटीने भागायचे, अशी ती साधी पद्धत आहे. नेहमीच्या ड्रॉइंग तेलाने २५ अंशांना गुणांक ०.०८ आला, पण २५० अंशांना तेच तेल धुरावले, पातळ होऊन निथळले आणि गुणांक पहिल्याच पट्टीला ०.२० च्या पुढे गेला. ग्राफाइट आम्ही टाळले, कारण ते पुसून काढणे जिकिरीचे असते, रंगकाम आणि वेल्डिंग दोन्हींत त्रास देते आणि ओलावा मिळाल्यास अॅल्युमिनियमला गंजवते. म्हणून पाण्यात कालवलेले षट्कोनी बोरॉन नायट्राइड हे घन वंगण निवडले. त्याने २५० अंशांना ०.१२ हा गुणांक दिला आणि दहा पट्ट्यांपर्यंत तो जवळपास स्थिर राहिला. संगणकीय सिम्युलेशनमध्ये हाच आकडा घातला असता कप आरामात निघायला हवा, असे उत्तर मिळते.

चाचणी चुकीची होती, की संपूर्ण प्रक्रियेसाठी एकच स्थिर गुणांक धरणे चुकीचे आहे, हे मला ठरवता येत नाही. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपले वर्णन नेमके आहे, तरी निदान करण्यापूर्वी तीन गोष्टी समजल्या पाहिजेत. चाचणीत वंगण पट्टीला लावले होते की जबड्यांना, आणि प्रेसवर ते कोठे लावता? दोन पट्ट्यांच्या मध्ये जबडे पुसत होता का? आणि ब्लँकच्या वरच्या बाजूला मध्यभागीसुद्धा वंगण जाते का?

धागाकर्ता

आभारी आहे. चाचणीत पट्टीला थंड असतानाच वंगण लावून पूर्ण वाळवले होते आणि प्रत्येक पट्टीनंतर जबडे कापडाने पुसले होते. प्रेसवर मात्र वेळ वाचावा म्हणून दोन स्ट्रोकच्या मध्ये तापलेल्या डायवर आणि ब्लँक होल्डरवर फवारा मारतो. त्यातला काही भाग पंचावरही पडतो. डाय आम्ही मधून पुसत नाही.

प्रतिसाद

मग उत्तराचा मोठा भाग आपल्या याच परिच्छेदात आहे. २५० अंशांच्या पोलादावर पाण्याचा थेंब पसरत नाही. त्याच्याखाली वाफेचा थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगत घरंगळून जातो. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर जे दिसते तेच येथे घडते. परिणामी बोरॉन नायट्राइडचा सलग थर न बसता ठिपके बसतात आणि मधली जागा उघडी राहते. चाचणीत आपण सलग, वाळलेल्या थराचे घर्षण मोजले आणि प्रेसवर तो थर कधी अस्तित्वातच नव्हता. दोन्हींचा गुणांक सारखा येण्याचे काही कारण नाही.

उघड्या जागी काय होते ते पाहा. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. तो कठीण पण ठिसूळ असल्यामुळे पत्रा ताणला गेला की त्याला तडे जातात आणि त्या फटींतून ताजा धातू वर येतो. तापलेला धातू मऊ असल्याने त्याची उंचसखल टोके लवकर चेपतात, प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र वाढते आणि हा ताजा धातू डायला चिकटतो. पुढचा ब्लँक मग पोलादावरून न सरकता अॅल्युमिनियमवरून सरकतो, आणि अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम ही घर्षणाची फार वाईट जोडी आहे. प्रत्येक स्ट्रोकला थोडे थोडे वाढणारे बल हे या चिकटण्याचेच लक्षण मला वाटते. डाय पूर्ण थंड झाल्यावर तिच्या रेडियसवरून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. धागे अडकले तर शंका उरणार नाही. कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण चिकटलेले अॅल्युमिनियम विरघळवते आणि पोलादाला फारशी इजा करत नाही, परंतु त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून मोकळी हवा, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा याबाबत तडजोड करू नये.

पंचावर पडणारा फवारा ही मला दुसरी आणि तितकीच गंभीर चूक वाटते. डायच्या बाजूचे घर्षण आपले नुकसान करते, पण पंचाच्या नाकावरचे (पुढच्या टोकावरचे) घर्षण आपल्या उपयोगाचे असते, कारण ते पत्र्याला पंचाशी धरून ठेवते आणि ओढण्याचा भार फक्त रेडियसजवळच्या पातळ पट्ट्यावर पडू देत नाही. तेथे वंगण गेले की पत्रा नाकावरून घसरतो आणि नेमका आपण सांगता त्या ठिकाणी पातळ होऊन फाटतो. ब्लँकच्या वरच्या बाजूला मध्ये गोल तबकडी ठेवून फक्त बाहेरच्या कड्यावर वंगण लावावे, खालच्या बाजूला पंचाच्या व्यासाबाहेर सर्वत्र लावावे आणि ब्लँक वाळवूनच आत घालावा.

आणखी एका प्रतिसादकाचे मत

वरील निदानाशी मी सहमत आहे. सिम्युलेशनविषयी एक मुद्दा जोडतो. डायच्या रेडियसवर पत्रा ९० अंशांतून वळतो, आणि दोरी खुंटीवरून ओढताना वापरतो तेच घातांकी सूत्र तेथे स्थूलमानाने लागू पडते. गुणांक ०.१२ असेल तर वळणानंतरचा ताण वळणाआधीच्या ताणाच्या १.२१ पट होतो आणि ०.३० असेल तर १.६० पट. त्यामुळे एकच आकडा घालून सुरक्षित असे उत्तर मिळवण्यापेक्षा ०.१० पासून ०.३० पर्यंत गुणांक बदलत जाऊन प्रत्येक वेळी पंचाच्या बलाचा आलेख काढावा आणि पहिल्या, दहाव्या व विसाव्या कपाचा मोजलेला आलेख कोणत्या वक्रावर बसतो ते पाहावे. तसे केल्यास प्रेस हेच आपले घर्षणमापक यंत्र होईल. पंच, डाय आणि ब्लँक होल्डर या तिन्ही स्पर्शांसाठी गुणांक वेगळे धरावेत, हेही ओघाने आलेच.

वंगण बदलण्याचा विचार असेल तर टेफ्लॉनच्या थराचा मोह टाळावा. २६० अंश ही त्याच्या सतत वापराची मर्यादा आहे आणि तापमान त्याच्या बरेच वर गेल्यास त्याच्या विघटनातून घातक वायू निघू शकतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डायच्या रेडियसवर कापसाचे धागे अडकले, तेही विशेषतः दोन समोरासमोरच्या जागी. ब्लँक प्रत्येक वेळी एकाच दिशेने ठेवत असल्याने त्या जागा रोलिंगच्या आडव्या दिशेला येतात. पत्र्याच्या पृष्ठभागावरच्या रोलिंगच्या बारीक रेघा सरकण्याच्या दिशेला आडव्या पडतात तेथे घर्षण जास्त असावे, असा माझा तर्क आहे.

डाय स्वच्छ करून, मध्यभाग झाकून आणि वाळवलेले ब्लँक वापरून काल चाळीस कप ओढले. एकही फाटला नाही. पंचाचे कमाल बल तिसाव्या कपानंतर किंचित वाढले, म्हणजे चिकटणे पूर्ण थांबलेले नाही. आता डायचा रेडियस धातू सरकतो त्याच दिशेने पॉलिश करून घेत आहे. त्यावर हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप द्यावा का, आणि २५० अंशांना तो किती स्ट्रोक टिकतो, याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला असल्यास कृपया येथे लिहावे. बलाचे तिन्ही आलेख सिम्युलेशनच्या वक्रांवर बसवून झाले की येथेच मांडतो.