टर्मिनलवर चालतं, नागिऑसमध्ये टाइमआउट, आणि तेही ठरावीक शाखांतच

मेढा_घाट
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो. मुख्य कार्यालयात उबुंटूवर नागिऑस कोअर ४ (यंत्रं नीट चालू आहेत का यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, माझ्या आधीच्या माणसाने बसवलेलं. शाखांचे राउटर एसएनएमपी (यंत्राची स्थिती नेटवर्कवरून विचारायची पद्धत) व्हर्जन २सीने तपासतो.

ऑडिटरने शेरा मारला की सगळीकडे कम्युनिटी स्ट्रिंग (त्या विचारणीचा पासवर्डच म्हणा) अजून 'पब्लिक'च आहे. त्याचं बरोबरच होतं. म्हणून प्रत्येक शाखेला वेगळी स्ट्रिंग दिली, अंक-अक्षरं-चिन्हं मिसळून. त्या दिवसापासून पाटण, मेढा आणि फलटण टाइमआउट, 'नो रिस्पॉन्स'. वाई, कोरेगाव, महाबळेश्वर ठणठणीत.

पिंग जातं. फायरवॉलवर यूडीपी १६१ उघडा आहे. लाइनवाल्यांना फोन केला, ते म्हणाले लिंक ओके, राउटर बंद-चालू करा. पाटणच्या ताईंनी तेही केलं बिचाऱ्यांनी, गिऱ्हाईक समोर उभं असताना. आणि टर्मिनलवरून हाताने एसएनएमपी-गेट मारलं की तिन्ही राउटर लगेच उत्तर देतात! कॉन्फिग तपासणी म्हणते शून्य एरर, शून्य वॉर्निंग.

जाता जाता दुसरं: यूपीएसची एक स्क्रिप्ट वेंडरने दिलीय. ती 'क्रिटिकल, बॅटरी १२ टक्के' असं छापते, पण पडद्यावर रंग हिरवाच. हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं आहे का?

कमांडर_कोथरूड
रूटने चालवून बघितलं असणार. नागिऑस स्वतःच्या युजरने चालतो, त्याचा पाथ वेगळा, परवानग्या वेगळ्या. सुडो लावून नागिऑस युजरने तीच कमांड मारा.

मेढा_घाट
मारली, दादा. त्या युजरनेही उत्तर येतं. आणि पाथचा प्रश्न असता तर वाईसुद्धा पडली असती ना?

बिट_बाय_बिट
अजून नागिऑस? झॅबिक्सवर या, सुखी व्हा.

जुना_एक्स्चेंजवाला
अहो, ढेकूण झाले म्हणून घर बदलायचं का? ते राहू द्या, मेढेकर, तुमच्या प्रश्नाचं बघू.

आधी एक सांगा, पण स्ट्रिंग इथे लिहू नका. बंद पडलेल्या तिन्ही शाखांच्या स्ट्रिंगमध्ये उद्गारचिन्ह, अर्धविराम किंवा डॉलर यांपैकी काही आहे का? माझी खात्री आहे की आहे.

नागिऑसमध्ये सर्व्हिसच्या व्याख्येत चेक कमांड लिहिताना आर्ग्युमेंटं (कमांडला द्यायच्या किमती) उद्गारचिन्हाने तोडतात. तुमच्या आधीच्या माणसाने पहिलं आर्ग्युमेंट कम्युनिटी, दुसरं ओआयडी (राउटरला नेमकं काय विचारायचं त्याचा क्रमांक), मग वॉर्निंगची आणि क्रिटिकलची मर्यादा असं ठेवलं असेल. स्ट्रिंगच्या पोटात उद्गारचिन्ह आलं की नागिऑस तिथेच तुकडा पाडतो. अर्धी स्ट्रिंग कम्युनिटी म्हणून जाते, उरलेली अर्धी ओआयडीच्या जागी बसते, आणि मागचं सगळं एकेक घर पुढे सरकतं. अर्धविरामाची तऱ्हा निराळी. ऑब्जेक्ट फाइलमध्ये (जिथे होस्ट, सर्व्हिस लिहितात) तो टिप्पणीची सुरुवात समजला जातो, त्या ओळीतलं त्याच्यापुढचं काहीच नागिऑस वाचत नाही. हॅश मात्र ओळीच्या सुरुवातीला असला तरच टिप्पणी धरतात, त्यामुळे मधे आलेला हॅश काही करत नाही. डॉलरमध्ये मॅक्रो (ज्यांच्या जागी नंतर किंमत भरली जाते अशी नावं) गुंडाळलेले असतात, म्हणून खरा डॉलर हवा असेल तर दोनदा लिहावा लागतो.

कॉन्फिग तपासणी हे पकडत नाही, कारण ती नाती बघते: ही सर्व्हिस ज्या होस्टची आहे तो आहे का, ही कमांड कुठे लिहिलेली आहे का. आर्ग्युमेंटच्या पोटात काय भरलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता टाइमआउट का, 'पासवर्ड चुकला' का नाही, ते बघा. सगळे इथेच फसतात. व्हर्जन २सीमध्ये चुकीच्या कम्युनिटीची विनंती आली की राउटर ती गुपचूप टाकून देतो. फार तर कुठे ट्रॅप (इशाऱ्याचा संदेश) पाठवायला सांगितलं असेल तर तो पाठवेल, पण विचारणाऱ्याला अवाक्षर बोलत नाही. तुमच्या सर्व्हरला वाटतं पलीकडे कोणी नाही. लाइन कापली काय आणि कम्युनिटी चुकली काय, मेसेज तोच. लाइनवाल्यांची यात काहीच चूक नव्हती आणि ताईंना उगाच त्रास झाला.

हाताने चाललं, कारण तुम्ही टर्मिनलवर स्ट्रिंग एकेरी अवतरणात लिहिली असेल. दुहेरीत लिहिली असती तर बॅशनेही उद्गारचिन्हावर हिस्टरी (आधी मारलेल्या कमांड) शोधायला घेतली असती आणि 'इव्हेंट नॉट फाउंड' म्हणून कुरकुर केली असती. तेव्हा तुम्हाला लगेच वास आला असता.

अंदाज नको, डोळ्यांनी बघा. नागिऑसच्या वेब पानावर कॉन्फिगरेशनमध्ये 'कमांड एक्स्पान्शन' आहे. तिथे पूर्ण चेक कमांड दिली की कोणतं आर्ग्युमेंट कुठे बसलं ते दिसतं. (त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, स्ट्रिंग उघडी दिसते.) त्यानेही समाधान झालं नाही तर मुख्य कॉन्फिगमध्ये डीबग लेव्हल २०४८ करा, म्हणजे मॅक्रो, आणि व्हर्बॉसिटी २. डीबग फाइलमध्ये कमांड कच्ची कशी होती आणि फोडल्यावर कशी झाली, दोन्ही येतं. काम झालं की परत शून्य करा. ती फाइल भराभर भरते, आणि त्यातही स्ट्रिंग आहेच.

उपाय म्हणाल तर उद्गारचिन्ह आणि अर्धविराम यांच्या आधी बॅकस्लॅश. मी स्वतः मात्र स्ट्रिंग रिसोर्स फाइलमधल्या यूजर मॅक्रोत ठेवतो आणि सर्व्हिसमध्ये फक्त मॅक्रोचं नाव लिहितो. उद्गारचिन्हावर तुकडे आधी पडतात, मॅक्रोची किंमत नंतर भरली जाते, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. शिवाय ती फाइल वेब पानावरून वाचली जात नाही.

यूपीएसचं प्रकरण वेगळं आहे. नागिऑस रंग ठरवताना मजकूर वाचत नाही, स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना ती परत देते तो आकडा) बघतो. ० म्हणजे ठीक, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल, ३ अननोन. स्क्रिप्ट कितीही ओरडली आणि शेवटी शून्याने बाहेर पडली की रंग हिरवा. शेवटची ओळ काय आहे ते सांगा.

सिग्नल_सांगली
भर घालतो. २सीमध्ये स्ट्रिंग तारेवरून उघडीच जाते. पॅकेट पकडणाऱ्याला त्यात चिन्हं किती आहेत याने काय फरक पडतो? चिन्हांच्या मागे न लागता नुसती अंक-अक्षरांची लांब स्ट्रिंग द्या, राउटरवर ॲक्सेस लिस्ट लावून फक्त मॉनिटरिंग सर्व्हरलाच विचारू द्या, आणि लिहायची परवानगी असलेली कम्युनिटी असेल तर आजच काढा. राउटर झेपवत असतील तर पुढच्या ऑडिटआधी व्हर्जन ३ घ्या, ऑथ (ओळख पटवणं) आणि प्रिव्ह (एन्क्रिप्शन) दोन्ही चालू करून.

मेढा_घाट
साहेब, नमस्कार घ्या. पाटण आणि मेढ्यात उद्गारचिन्ह, फलटणला अर्धविराम. एक्स्पान्शनमध्ये पाटणच्या ओआयडीच्या जागी स्ट्रिंगचं शेपूट बसलं होतं आणि फलटणचं दुसरं आर्ग्युमेंट चक्क रिकामं. तिन्ही स्ट्रिंग यूजर मॅक्रोत हलवल्या, रीलोड केलं, तिन्ही शाखा हिरव्या. सिग्नलभाऊ, ॲक्सेस लिस्ट या शनिवारी लावतो. महाबळेश्वरचा राउटर जुना आहे, तो व्हर्जन ३ घेईल का ते बघावं लागेल.

यूपीएसच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ: मेसेज एको करून पाइपमधून टी कमांडला, म्हणजे पडद्यावरही आणि लॉग फाइलमध्येही. पुढे एक्झिट वगैरे काही नाही.

जुना_एक्स्चेंजवाला
मग तो शून्य टी कमांडचा आहे, पाइपमध्ये शेवटच्या कमांडचाच कोड धरतात. टी ने फाइल नीट लिहिली, ती खूश, नागिऑस खूश, बॅटरी गेली खड्ड्यात. मर्यादा तपासतानाच स्थिती एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि टी च्या ओळीनंतर तीच देऊन एक्झिट करा. मग नागिऑस युजरने हाताने चालवून लगेच एको डॉलर-प्रश्नचिन्ह मारा, आधीच्या कमांडचा एक्झिट कोड दिसतो. २ आला पाहिजे.

आणि वेंडरच्या बाकीच्या स्क्रिप्टही उघडून बघा. एकीत असं असेल तर सगळ्यांत असेल, कॉपी-पेस्टच असतं ते.

मेढा_घाट
२ आला. जनरेटरच्या आणि एसीच्या स्क्रिप्टमध्येही तीच ओळ निघाली, दोन्ही सुधारल्या. एसीची सुधारल्याबरोबर लाल झाली. सर्व्हर रूममध्ये ३४ डिग्री आहे, मेकॅनिकला फोन लावतोय.