प्रतिसाद: सही तिची, कारभार नवऱ्याचा?

'ग्रामपंचायतीत बायकांना ५०% आरक्षण देऊन काय झालं, बाई सही करते आणि कारभार नवराच बघतो' हे बऱ्याच गावांत खरंय, सरपंचपती हा प्रकार काय नवा नाही. पण २१ पूर्ण झाली की पोरगी ग्रामपंचायतीला उभी राहू शकते, आणि लग्नच न झालेली कॉलेजवाली सरपंच झाली तर पती आणणार कुठून? (मग वडील बसतात खुर्चीशेजारी, ते वेगळंच.)

माझ्या मते अशा पोरींनी महिला ग्रामसभा धरून ठेवावी. मुख्य ग्रामसभेआधी ती घ्यायची असा आपल्याकडे नियमच आहे पण अनेक ठिकाणी नुसतं रजिस्टर फिरवून सह्या गोळा करतात आणि झाली सभा. ती खरंच भरली ना, की पाणी, संडास, दारूचं दुकान सगळं ठरावात येतं आणि दुकान बंद करायला तर महिलांच्या मतदानाची सोयसुद्धा आहे.