सिंह फुलात नाही, पानात आहे
डँडेलायन या रानटी रोपाचं पिवळं फूल सिंहाच्या आयाळीसारखं दिसतं म्हणून नावात 'लायन' आला, असं तुम्हाला वाटेल. कल्पना सुरेख आहे, पण तो सिंह फुलात नाही, पानात आहे. मूळ फ्रेंच नाव 'दाँ द लिओं', म्हणजे सिंहाचा दात. मध्ययुगीन लॅटिनमध्येही 'देन्स लिओनिस', अर्थ तोच. पान हातात घेऊन बघा, कडेला करवतीसारखे खोल दाते असतात आणि बहुतेकांची टोकं देठाकडे वळलेली. स्पॅनिशमध्ये 'दिएन्ते दे लेओन', जर्मनमध्ये 'ल्योवेनत्सान'. दात सगळीकडे शाबूत आहे. इंग्रजीने मात्र फक्त उच्चार उचलला, त्यामुळे 'दाँ'चा 'डँ' झाला आणि दात दिसेनासा झाला. खरं तर लॅटिन 'देन्स' आणि आपला 'दंत' एकाच मुळातून आलेले, म्हणजे या 'डँ'चं आपल्याशीही नातं आहे!

गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये आज रोजच्या बोलण्यात 'पिसाँली' म्हणतात. अर्थ सरळ आहे: अंथरुणात मुतणं. ही वनस्पती लघवी वाढवते असा जुना समज. इंग्रजी बोलींमध्येही 'पिसाबेड' हे तिचं नाव होतंच.