शब्दचर्चा : हॉकीतला 'तुक्का', 'नशीब' आणि एक गोटा

धागाकर्ता (दारव्हा तालुका)
रविवारी आमच्या मुरमाच्या मैदानावर हॉकीची मॅच होती. शेवटचा मिनिट, १-१. आमच्या पोराने डीमधून, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलातून, कोपऱ्याकडे मारला. चेंडू गोट्यावर आदळला, उडाला, गोलीच्या खांद्यावरून आत. हरलेले म्हणे, "तुक्का!" आमचे म्हणे, "नशीब लागते भाऊ." पंचाने गोल देऊन टाकला. शब्दाचा निकाल तुम्ही द्या.

जुने मास्तर
तुक्का नव्हे. तुक्का म्हणजे मुळात फाळ नसलेला बोथट बाण, नेम नसताना सोडलेला. तुमच्या पोराने नेम धरला होता ना? 'नशीब'ही बसत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वाटा, ज्याच्या त्याच्या पदरात पडलेला. तो गोटा कोणाच्या वाट्याचा? इथे आपली जुनी म्हणच नेमकी : कावळा बसायला अन् फांदी मोडायला. संस्कृतात काकतालीय न्याय. दहावीच्या गणितातला 'यादृच्छिक'ही चालेल, पण तो मैदानात ओरडून दाखवा!

दर्यापूरकर
मास्तर, पटलं. पण कबड्डीत हा वाद काहून होत नाई? अर्ध्या मिनिटाची चढाई, चाळीस मिनिटांचा खेळ, हिशेब करा. एखादा गुण फुकटात गेला तरी पुढच्या चढायांत भरून निघते. हॉकीत साठ मिनिटांत दोन-तीन गोल, त्यातला एक गोट्याचा असला की झालं. १९७५ ची क्वालालंपूरची फायनल पाहा. अशोक कुमारचा फटका खांबाला लागून बाहेर आला, पंचाने गोल दिला, पाकिस्तानवाले भांडत राहिले, आपण २-१ ने विश्वविजेते. तुक्का म्हणायची हिंमत आहे का कोणाची?

धागाकर्ता
नाही बाप्पा. पण मग पॅरिसला २०२४ मध्ये ब्रिटनविरुद्ध आपण लाल कार्डानंतर दहा जणांत खेळून शूटआउटवर जिंकलो, त्याला काय म्हणायचं?

जुने मास्तर
शूटआउट म्हणजे आठ सेकंद, एकटा खेळाडू, समोर आपला गोली श्रीजेश. त्याला यादृच्छिक म्हटलं तर श्रीजेशच रागावेल. क्रिकेटची नाणेफेक मात्र खरी यादृच्छिक. तिथे कसब कामाचं नाही.

वावरवाला
मी हॉकी खेळलो नाई. पेरलं अन् दुसऱ्या दिवशी पाऊस आला त आमी 'साधलं' म्हन्तो. बांधापलीकडं पडला, मायं वावर कोरडं, त्याले 'नशीब' म्हन्तो. म्हन्जे चांगलं झालं त आपलं, वाईट झालं त नशिबाचं. तुमच्या मॅचमंदी उलटं दिसते.

धागाकर्ता
काका, हे भारी. आमच्याकडे आता 'गोटा-गोल' हाच शब्द रूढ झाला. काल हरलेल्या संघाने मैदानातले गोटे वेचले, तेही फक्त आपल्या गोलासमोरचे. हाफटाइमला बाजू बदलतात हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.